ताईचा डावा अंगठा

४ फेब्रुवारी

चि. ढापण्यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले. उत्तराला उशीर झाला, कारण मी एक गोष्ट ठरवत होते. ती आता ठरली. मला जेट घ्यायचंय. खरं नव्हे, जमिनीवर उभं राहून रेडिओने उडवायचं छोटं, बॅटरीवरचं, पण ज्याचा पंखा नाकावर नसून पोटातल्या नळीत असतो, ते. तू आता हसशील. हसून घे आणि मग पुढे वाच.

निवृत्तीनंतर मैदानावर जायला लागले त्याला सात महिने झाले. प्रोपेलरचं शिकाऊ विमान मी एकटी उडवते आणि बहुतेक वेळा एकाच तुकड्यात घरी आणते. इथल्या क्लबचे सचिव दातांचे डॉक्टर आहेत. ते शेजारी उभे राहून शिकवतात आणि मधूनमधून माझ्या दातांवरही शेरे मारतात. जेटचं नाव काढलं की मात्र गप्प होतात. म्हणून तुला विचारते. सहा वर्षांपूर्वी बंद करेपर्यंत वीस वर्षं तू हाच उद्योग केलास, तेव्हा पहिलं जेट कोणतं घ्यावं ते नीट कळव. सोबत कापलेलं चित्र पाठवतेय. चंदेरी, सुईसारखं नाक, मागे वळलेले पंख. मला हे आवडलंय.

फोनवर तू मला मध्येच तोडतोस म्हणून पत्र लिहिलं. वहिनीला माझी आठवण सांग. डोळ्यांची तपासणी टाळू नकोस. लोभ आहेच, सल्लाही तेवढाच सढळ असू दे.

तुझी ताई

*

११ फेब्रुवारी

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

हसलो. मग चष्मा पुसून पत्र पुन्हा वाचलं, तरी त्यात जेटच होतं. तुझ्या वहिनीने वाचलं आणि ती म्हणाली की ताईंनी ठरवलंय म्हणजे आता तुम्ही फक्त माहिती द्या, मत देऊ नका. मी दोन्ही देतोय.

चित्रातलं विमान दिसायला देखणं आणि वागायला नकचढं आहे. असे पातळ, मागे वळलेले पंख वेग जरा कमी झाला की न सांगता एका बाजूला कोसळतात. पहिलं जेट बेढबच हवं. जाड आणि सरळ पंखांचं, फोमचं घे, म्हणजे मोडलं तर चिकटवता येईल. पंखा सत्तर मिलिमीटरचा घे. त्याहून लहान असला तर गवतावरून उठताना विमानाला धाप लागते. चाकं मोठी हवीत आणि आत तोल सावरणारं यंत्र हवं. पोटाचा रंग पाठीपेक्षा वेगळा असू दे, नाहीतर वर गेल्यावर सरळ आहे की उलटं ते कळत नाही. चार मिनिटांचा गजर लाव. त्यापुढे बॅटरीवर विसंबू नकोस.

आता मुख्य गोष्ट. प्रोपेलर म्हटल्याबरोबर ओढतो. नळीतला पंखा आधी विचार करतो आणि मग जोर धरतो. म्हणून उतरवताना थ्रॉटल, म्हणजे पंख्याचा जोर कमी-जास्त करणारी ती डावी दांडी, कधीच पूर्ण बंद करायचा नाही. एकदा बंद केलास आणि मग घाबरून वाढवलास, तर जोर येईपर्यंत विमान जमिनीत गेलेलं असतं.

माझं मत विचारशील तर अजून वर्षभर प्रोपेलरच उडव. घाई कसली? आणि एवढ्या सगळ्यात जेटच का, ते काही तू लिहिलं नाहीस. प्रकृतीला जप. माया कमी होऊ देऊ नये, हट्ट थोडा कमी केला तरी चालेल.

तुझा ढापण्या

*

१९ फेब्रुवारी

चि. ढापण्यास आशीर्वाद.

तुझी माहिती घेतली, मत कपाटात ठेवलं. जेट आलं. सरळ पंखांचं, मोठ्या चाकांचं, पोट नारिंगी, पाठ पांढरी. इस्त्रीला पंख फुटावेत तसं दिसतं. लेक हसून हसून खुर्चीवरून घसरली.

पण परवा रविवारी माझी चांगलीच जिरली. शिकाऊ विमान वळवत होते, नाक फार वर गेलं. शेजारून डॉक्टर अहो-जाहो विसरून ओरडले, “सोड!” त्यांना म्हणायचं होतं की उजवी दांडी सोड, ती आपोआप मध्यावर येते आणि विमान सावरतं. मी मात्र डाव्या अंगठ्याने थ्रॉटल सपशेल खाली ओढला. विमान तिथल्या तिथे मेलं आणि कुंपणावर पडलं. असं दुसऱ्यांदा झालं.

का झालं ते मला तिथेच कळलं. कपड्यांच्या कारखान्यात चौतीस वर्षं मशीनवर बसले. सुई मोडली, कुणाचं बोट सुईखाली आलं, की मुकादम याच शब्दाने ओरडायचा आणि सगळी ओळ मशीनच्या पेडलवरून पाय उचलायची. तो शब्द ऐकला की माझ्यातलं जे काही चालू असेल ते बंद पडतं. डॉक्टरांना हे सांगितलं, तर त्यांनी सगळ्यांसमोर निकाल दिला. सोळा मार्चला क्लबचे तिघं जण परीक्षा घेणार, जेटवरच. घाबरून थ्रॉटल बंद केला तर या मैदानावर मला कायम प्रोपेलरच. संधी एकच. आणि आसपास दुसरं मैदान नाही.

जेटच का, ते आता लिहिते. आमच्या कारखान्याच्या पत्र्यावरून विमानं उतरायला जायची. दिवसाला वीस-पंचवीस. तो आवाज छातीत घुमायचा, पण मान वर करायची सोय नव्हती. नजर हलली की सुई बोटात. एकदा बघायला गेले, तर नखातून आरपार गेली. मला तो आवाज बघायचाय रे, आणि तो माझ्या हातात हवाय. तेव्हा वर्षभर थांब असं पुन्हा लिहू नकोस. त्यापेक्षा अंगठ्याचं काय करू ते सांग.

पत्राची वाट बघतेय. रागावलास तरी लिही.

ताई

*

२७ फेब्रुवारी

ती. ताईस शि. सा. न.

हे पत्र तीनदा फाडलं. आता न फाडता पाकिटात घालणार आहे.

मी उडवणं का बंद केलं, तर सहा वर्षं सगळ्यांना सांगत आलो की जेटची मोटर हवेत बंद पडली. वहिनीला तेच सांगितलं, तुलाही. मोटर ठणठणीत होती. उतरताना विमान वाकडं आलं, माझ्या तोंडचं पाणी पळालं आणि मीच थ्रॉटल बंद केला. मला ना मुकादम होता ना सुई. नुसती भीती. सगळे सांत्वन करायला लागले, तेव्हा मोटरवर ढकलून मोकळा झालो. त्यानंतर कुणी मैदानावर बोलावलं की मी पाठदुखी काढतो. तुला वर्षभर थांब म्हणालो तेही तुझ्या काळजीपोटी नव्हतं. तू उडवलंस तर माझं काय, असं मनात आलं होतं. याची लाज वाटते, म्हणून लिहून टाकलं.

आता अंगठ्याचं. डॉक्टरांना सांग की तो शब्द मैदानावर बंद. त्याऐवजी ‘उजवा मोकळा’ म्हणायचं. पण नुसता शब्द बदलून भागणार नाही, भीती जुनाच शब्द ऐकते. तूच मला एकदा सांगितलं होतंस की बाही लावताना गोलाईत पाय उचलला की चुणी पडते, म्हणून हात थरथरला तरी गोलाई संपेपर्यंत पाय हलवायचा नाही. जेटचं वळण म्हणजे बाहीच समज. रोज विमानाची बॅटरी काढून ठेव आणि रिमोट हातात धर. लेकीला कधीही, कुठूनही ‘सोड’ असं ओरडायला सांग. ती ओरडली की डावा अंगठा पुढे गेला पाहिजे. मागे गेला तर मोजायचं आणि पुन्हा करायचं.

रागावली असशील तर तसं कळव. अबोला धरू नकोस, एवढीच विनंती.

ढापण्या

*

१७ मार्च

चि. ढापण्यास अनेक आशीर्वाद.

रागावले. दोन दिवस तुझं पत्र फ्रीजवर उलटं ठेवलं होतं. मग वाटलं, मोटर बंद पडली असं तू म्हणालास तेव्हा मी तरी कुठे नीट विचारलं? सांत्वन करून मोकळी झाले. तेव्हा तो विषय आपल्या दोघांच्याही बाजूने संपला.

लेकीने तुझं काम मन लावून केलं. बाथरूममधून ओरडली, जिन्यातून ओरडली, एकदा ऑफिसमधून फोन करून ओरडली. पहिल्या आठवड्यात अंगठा सतरा वेळा मागे गेला, शेवटच्या आठवड्यात एकदाच, आणि तेव्हा मला शिंक आली होती.

काल परीक्षा झाली. आदल्या आठवड्यात डॉक्टरांनी स्वतः उडवून जेटचा तोल नीट लावून दिला होता. तिघं जण खुर्च्या टाकून बसले. इस्त्री गवतावरून बरीच लांब धावली आणि उठली. आवाज तोच होता, फक्त लहान. मी तोंड उघडं टाकून बघत होते. डोळे भरून आले आणि मी स्वतःलाच दटावलं की विमान दिसलं पाहिजे.

उतरवायला आणलं, तर उंच आलं आणि वाऱ्याने एक पंख खाली गेला. खुर्चीतल्या एका गृहस्थांच्या तोंडून तोच शब्द निघाला, “सोड!” डॉक्टरांनी त्यांच्याकडे असं बघितलं की दाढ काढतील. माझा अंगठा मागे निघालाच होता. पण मी तो पुढे ढकलला. पंखा विचार करत बसला. तो एक क्षण मला चौतीस वर्षांएवढा वाटला. मग त्याने जोर धरला, विमान डोक्यावरून वर निघून गेलं, आणि मी पुन्हा फेरी मारून ते उतरवलं. पुढचं चाक वाकलं. पास झाले.

वहीत सही करताना डॉक्टरांनी विचारलं की थ्रॉटल पुढे न्यायला कुणी शिकवलं. मी म्हणाले, ज्याला ते स्वतःला जमलं नव्हतं त्याने. मग पेन त्यांच्याकडून मागून घेतलं. पुढची परीक्षा अठरा मे रोजी आहे, आणि त्या पानावर पहिलं नाव तुझं लिहून आलेय. विमान माझं वापरायचं, मी शेजारी उभी राहीन. पाठदुखीचं कारण चालणार नाही, वहिनीला फोन केलाय, तिने तिकिटं काढलीत.

आशीर्वाद आहेतच. बाकीचं मैदानावर बोलू.

तुझी ताई