टेडीचं लग्न आणि हिराबाईंचा धवला

१ फेब्रु., रवि.
गाण्याच्या मॅडम पुण्याला गेल्या, कायमच्या. क्लबहाउसमधला आमचा फुकट वर्ग (टॉवरची सहा मुलं, घणसोली गावातली अकरा) पोरका. सेक्रेटरी प्रधान म्हणाले, "सर, महिनाअखेर टीचर आणा, नाहीतर तो स्लॉट झुंबाला." झुंबाही कलाच, मान्य. फक्त मेंबरांसाठी. गावातली अकरा मग गेटबाहेर.

३ फेब्रु.
गावात हिराबाईंकडे. धवलारीण. आगरी लग्नात मांडवाखाली धवले गाण्याचा मान त्यांचा. हल्ली मांडवात डीजे. मान शिल्लक, गाणं नाही. शिकवा म्हटलं तर साफ नकार. "लगीन नाय, मांडव नाय, मंग धवला कनाला?" निदान माझ्या पेपरातल्या बातमीपुरत्या दोन ओळी? "तुजे पेपरचा लगीन हाय का?"
वार्ताहराची एवढी वासलात संपादकानेही लावली नव्हती.

६ फेब्रु.
तोडगा रेवाचा. (वय नऊ, आमच्याच मजल्यावरची.) "अंकल, मग लग्न लावू ना! माझी बाहुली आहे."
हिराबाईंना फोन. बेत सांगितला. मग, "नवरा कोन?"

८ फेब्रु., रवि.
नवरा टेडी. भटजी अस्मादिक. वराचं गोत्र विचारलं, रेवा म्हणाली, "सॉफ्ट टॉय." संस्कृतात एम.ए. केल्याचं सार्थक झालं.
हिराबाई हळदीची वाटी घेऊन आल्या, बसल्या, डोळे मिटले आणि
नाही लिहिता येत. सतरा मुलं पुढे सरकून बसली, एवढंच. नंतर त्यांनी मुलांकडून दोन ओळी घोकून घेतल्या.

१५ फेब्रु., रवि.
"झालेले नवरीचा परत लगीन लावतस?" हिराबाई दारातच कडाडल्या. नवी जोडी जमवण्यात पाऊण तास. उपवर बाहुल्या दुर्मीळ. आणखी एकच ओळ झाली. घरोघर बाहुल्या मागून माझे पाय दुखतात.

१८ फेब्रु.
प्रधानांचं पत्र: क्लबहाउसमध्ये विवाहसमारंभास मनाई. फरशीवर हळद, शिवाय मंगलाष्टका ऐकू आल्या.
"अहो, टेडीचं लग्न!"
"तेच लिहून द्या. विवाह नव्हे, सांस्कृतिक उपक्रम. खाली टीचरची सही."
लग्न म्हटलं तर जागा जाते. नाही म्हटलं तर गाणं. न्यायशास्त्रात याला नाव आहे; आठवायचा कंटाळा आला.

२० फेब्रु.
कागद घेऊन हिराबाईंकडे. वाचून दाखवला. 'विवाह नव्हे' हळू वाचलं, तरी ऐकलंच त्यांनी.
"मंग मी नाय गानार."
"ठाऊक आहे, मावशी."
"लगनाबिगर गायलं तरी पोरांना दोष नाय लागत. ती गातील. मी बसन बाजूला."
"त्यांना तीनच ओळी येतात."
"मंग तीनच."
पेन पुढे केलं. घेतलं नाही. कागद मात्र बिनसहीचाच घडी करून कमरेला खोचला आणि चहा टाकायला उठल्या. परत मागायचं धैर्य झालं नाही. रविवार परवावर.