फॉर्मवरचं 'नाही' मी खोडलं

दादा,

आज तुझी धाकटी लेक निवडीची लढत जिंकली असती, तर बॉक्सिंग क्लबात मुख्य प्रशिक्षकाची खुर्ची तुझीच होती. मीच ती पुसून दिली असती. पण तू तिला न्यायला येशील तेव्हा आम्ही मेंदूच्या डॉक्टरांकडे असू. मला लुडबुडी म्हणतोस ना, मग ही घे लुडबूड.

लढतीच्या वैद्यकीय फॉर्मवर 'डोक्याला मार लागून भोवळ आली होती का?' यापुढे तू 'नाही' लिहिलं होतंस. ते खोडून मी दोन महिन्यांतल्या तिन्ही तारखा लिहिल्या आणि फॉर्मचा फोटो आयोजकांना पाठवला. फ्रिजमधल्या तुझ्या 'व्हिटॅमिन'च्या बाटल्या शोधू नकोस, माझ्या पर्समध्ये आहेत. स्टिरॉइड हा शब्द मलाही वाचता येतो.

सोळाव्या वर्षी पोरीचा आवाज तुझ्यासारखा झालाय. आज सकाळी तिने तीनदा विचारलं, "आत्या, आज वार कुठला?" तू बाथरूममधून ओरडलास, "नाटकं पुरे!"

जेवण झाकून ठेवलंय. भांडायचं असेल तर जेवून दवाखान्यात ये, मी तिथेच आहे.

खुर्ची तुला मिळणार होती, विजेतेपदाची ढाल क्लबला. ठोसे तेवढे सगळे तिने खाल्ले.