यांचं माहेरपण

१२ नोव्हेंबर १९७९, पुलगाव
हे आजही गिरणीत गेले नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडून. दाढी वाढलेली.
"डोकं दुखते का?" "नाई." "पोट?" "नाई." मग दुखते तरी काय बाप्पा, सांगा ना! चादर डोक्यावर ओढली.
सासूबाई म्हणतात, "बाप्या माणसाले काय होते? आळस हाय."

१५ नोव्हें.
डॉक्टरांनी टॉनिक दिलं. मीच चाखून पाहिलं, कडू जहर. हे तोंड लावतील तर शपथ.

१८ नोव्हें.
भांडी घासताना डोक्यात आलं. गेल्या साली बाळ गेलं तेव्हा मीही अशीच पडून होते. आईनं माहेरी नेलं. डोक्याला तेल, तिच्या मांडीवर रड रड रडले. शेजारणीसुद्धा येऊन रडायच्या. हे बाळाला माती देऊन आले नि तिसऱ्या दिवशी ड्यूटीवर. सगळे म्हणाले, मर्द गडी! बाळ तर दोघांचं होतं. यांना कोण नेणार माहेरी?

२१ नोव्हें.
मोठ्या नणंदबाई जाम गावाहून आल्या. यांना पाहून म्हणाल्या, "धाड त्याले माह्या घरी. मी करतो त्याचं माहेरपण."
सासूबाई भडकल्या, "लोकं हासतीन! माहेराले लेकी जातात."
"हासू दे. दातायले हवा लागन त्यायच्या."
हे उठून बसले.

२२ नोव्हें.
गेले दोघं. बसमधून माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. शेजारीण विचारते, "भाऊजी कुठी गेले?" सांगून टाकलं, माहेराले. खी खी हसली मेली.

३० नोव्हें.
नणंदबाईंचे यजमान आले होते. हे जेवू लागले म्हणे, अंबाडीची भाजी मागून खाल्ली. "परवा ती तेल लावून देत होती, तं बाळाचं नाव घेऊन लई रडला." सांगताना ते खालीच पाहत होते. सासूबाई आतून ऐकत होत्या.

९ डिसें.
यांना न्यायला मी गेले. नणंदबाई दारातच मला म्हणतात, "आले का जावाईबापू! एवढ्यात नाई धाडत बरं." हे हसले. दाढी केलेली. पिशवी भरून ठेवली होती.
चहा झाला. मग खाली मान घालून मलाच विचारतात, "अजून चार दिवस राहू का?"
असं तर मी विचारत असते. "राहा," म्हटलं, "गिरणीत मी सांगते." येताना बसमध्ये रडले, पण बरं वाटलं.
घरी सासूबाई दारात बसलेल्या. "नाई आला?" "राह्यले." मग म्हणाल्या, "माह्याजवळ काऊन नाई रडला तो?"
त्यांच्याजवळ जाऊन बसले.