साठ एप्रन आणि माझा माइंडसेट

सोमवार, २ फेब्रुवारी. पहाटे ५.०० (प्रत्यक्षात ८.२०)

नव्या आयुष्याचा पहिला दिवस. पार्सल ऑफिसातून दोन महिन्यांची बिनपगारी रजा घेतली. मी राजीनामाच देणार होतो. बायको म्हणाली, अहो, आधी पाण्यात उतरून बघा, मग काठावरचे कपडे फेका. ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करते. कुठलीही गोष्ट आधी थोडीशी काढून तपासायची, ही तिची सवयच आहे.

एकोणीस वर्षं खिडकी नंबर तीनवर गेली. वजन करा, पावती फाडा, शिक्का मारा, पुढे या. ऑनलाइन कोच म्हणतात, धंदा वाढत नाही कारण माणसाचा माइंडसेट लहान असतो. ऐकलं आणि अंगावर काटा आला. म्हणजे लोकांना माइंडसेट शिकवणं हाच केवढा मोठा ऑनलाइन बिझनेस! माल नको, गोदाम नको. विचार तयारच आहेत. कोचचे सगळे व्हिडिओ ऐकून वहीत उतरवलेत.

प्रोफाइलवर लिहिलं : 'लॉजिस्टिक्स क्षेत्रात एकोणीस वर्षं नेतृत्व.' यात खोटं काही नाही. रांग माझ्याच तोंडासमोर सुरू व्हायची.

संकल्प : उद्यापासून पाचला उठणे. 'पार्सल' हा शब्द तोंडातून काढायचा नाही.

गुरुवार, ५ फेब्रुवारी. ८.४५

बाथरूममध्ये आरशासमोर वीस वेळा मोठ्याने म्हटलं, मी लोहचुंबक आहे, ग्राहक माझ्याकडे खेचले जात आहेत. वरच्या मजल्यावरच्यांनी बायकोला फोन करून विचारलं, सगळं ठीक आहे ना? कन्या नववीत आहे. तिने दारावर टकटक करून विचारलं, सगळे ग्राहक येईपर्यंत थांबायचंय की मी आंघोळ करून घेऊ?

थोर माणसांना घरातूनच विरोध होतो.

सोमवार, ९ फेब्रुवारी

पहिलं लाइव्ह. प्रेक्षक तीन. एक मीच, दुसऱ्या फोनवरून. एक बायकोचा फोन, तो मी लावून ठेवला होता. तिसरा मात्र अस्सल. त्याने विचारलं, जुना फ्रिज विकायचाय ते तुम्हीच का? मी म्हटलं, नाही, पण तुमच्या मनात जी थंडी आहे तिच्यावर बोलू या. तो गेला.

तरी तेहतीस टक्के प्रेक्षक अनोळखी होते. वाईट नाही.

मंगळवार, १७ फेब्रुवारी

पहिली विद्यार्थिनी!!

आमच्या मागच्या गल्लीत किल्लीवाला आणि झेरॉक्सवाला यांच्यामध्ये एक टेलरबाई बसतात. त्या आणि त्यांची सासू. सासूबाई काजं-बटणं करतात, बाकी सगळं बाईंकडे. झेरॉक्सच्या दुकानात मी क्लासच्या जाहिरातीसाठी माझा फोटो लावलाय, तो बघून आल्या. त्यांना स्वयंपाकाचे एप्रन शिवून ऑनलाइन विकायचेत.

पहिलाच प्रश्न, सर, पॅक कसं करायचं? दुसरा, माल लांब जाणार असेल तर आतून काय घालायचं? मला हसू आलं. मी म्हटलं, ताई, 'कसं' हा नोकराचा प्रश्न आहे. मालक 'का' असं विचारतो. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. मग म्हणाल्या, पण सर, तुम्हाला तर माहीतच असेल. काय ही श्रद्धा!

फीऐवजी त्या व्हिडिओसाठी मागचा पडदा शिवून देणार आहेत.

संध्याकाळी बायकोला सांगितलं, चाळीस विद्यार्थी झाले. कोच म्हणतात की ध्येय गाठल्यासारखंच बोलावं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, अरे वा.

मंगळवार, २४ फेब्रुवारी

पडदा आला. जाड, निळा, दुहेरी शिवणीचा. वर पिवळ्या धाग्याने माझं ब्रीदवाक्य भरलंय : 'विचार बदला, धंदा वाढेल.' एक टाका इकडचा तिकडे नाही. त्याच्यापुढे बसलो की मलाच माझं पटतं.

आजचा धडा : लहान काम, लहान मन. बाईंना म्हटलं, पँट आखूड करणं, झिप बदलणं, उसवलेलं शिवणं, सगळं बंद करा. दारावर बोर्ड लावा. त्या जरा घुटमळल्या. म्हणाल्या, सर, चूल त्याच्यावरच पेटते. मी म्हटलं, तीच चूल तुम्हाला खाली खेचतेय.  सासूबाईंनी एक बटण तीनदा उसवून लावलं.

बोर्ड लागला. घरी आल्यावर लक्षात आलं की माझ्याच पँटची झिप गेलीय. आता कुठल्या तोंडाने नेणार? सेफ्टी पिन लावली.

गुरुवार, ५ मार्च

कन्येने जेवताना ऐकवलं, लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. शाळेत हल्ली हेच शिकवतात वाटतं. मी तिला निगेटिव्ह लोकांच्या यादीत टाकलं. बायको आधीपासून होतीच. यादीत आता घरातले सगळे झाले.

पाचला उठणे उद्यापासून नक्की.

बुधवार, ११ मार्च

ऑर्डर! लांबच्या एका शहरात नवं हॉटेल उघडतंय, त्यांना साठ पांढरेशुभ्र एप्रन हवेत. बाईंनी फोटो टाकला होता तो त्यांनी पाहिला. बाई फोनवर रडल्याच. बोर्ड लावल्यापासून दुकानात कोणी फिरकलं नव्हतं, ते मला आज कळलं. ही ऑर्डर आली नसती तर पुढच्या महिन्यात दुकान सोडावं लागलं असतं, असं सहज बोलून गेल्या.

बघा, जुनं दार बंद केल्याशिवाय नवं उघडत नाही. मी लगेच पोस्ट टाकली : 'माझ्या विद्यार्थिनीचं यश.' त्यात 'माझ्या' हा शब्द चार वेळा आला, असं कन्या म्हणाली.

बुधवार, १८ मार्च

साठ एप्रन झाले. दोघी सासूसुना सात दिवस मशीनवरून उठल्या नाहीत. बाईंनी पॅकिंग दाखवायला बोलावलं. चकचकीत गिफ्टपेपर, सोनेरी रिबन, वर फुलासारखी गाठ. मीच चौथ्या धड्यात म्हणालो होतो की ग्राहक वस्तू घेत नाही, भावना घेतो.

बाई म्हणाल्या, सर, असं चालेल ना? नीट बघून सांगा हं.

बघितलं. मी म्हटलं, वा. विश्वासाने सोडा, पोचतंच.

आणखी विशेष काही नाही.

गुरुवार, १९ मार्च

जेवण गेलं नाही. ॲसिडिटी असावी. काल एक गोष्ट लिहायची राहिली, पण ती लिहायलाच हवी असं काही नाही. वही माझीच आहे.

रविवार, २२ मार्च

आज लाइव्ह नाही. घसा.

शुक्रवार, २७ मार्च

पार्सल परत आलं. हा शब्द लिहायचा नाही असं ठरलं होतं, पण त्याला दुसरा शब्द नाही.

गिफ्टपेपर वाटेतच फाटला. शेजारी तेलाचा डबा होता. साठातले चव्वेचाळीस एप्रन पिवळे झाले. हॉटेलवाल्यांनी सगळेच परत पाठवले. आमचं उद्घाटन पुढे गेलंय, चार तारखेपर्यंत स्वच्छ माल आला तर घेऊ, नाहीतर विषय संपला, असं त्यांनी कळवलंय.

बाई मला एक शब्द लावून बोलल्या नाहीत. म्हणाल्या, सर, माझाच विश्वास कुठेतरी कमी पडला असेल.

आता लिहितो. अठरा तारखेला त्या गठ्ठ्याकडे बघताक्षणी मला कळलं होतं. एकोणीस वर्षं मी दुसरं काय केलं? तो कागद पहिल्याच गाडीबदलात फाटणार, रिबन हुकाला अडकणार, कोपरे आधी जाणार आणि कापडाच्या मालाशेजारी हमखास तेलाचा डबा येणार, हे सगळं मला माझं नाव माहीत असावं तसं माहीत होतं. जीभ वळवळली सुद्धा. आत प्लास्टिक घाला, कोपऱ्यांना पुठ्ठा लावा, वरून जाड कापड शिवा. तीन वाक्यं. पण ती बोललो असतो तर बाईंनी विचारलं असतं, सर, तुम्हाला हे कसं माहीत? मग माझं नेतृत्व खिडकी नंबर तीनवर येऊन बसलं असतं.

माझी झाकली मूठ राहावी म्हणून मी साठ एप्रन तेलात घातले.

लाज वाटते. याला माइंडसेटच्या भाषेत काय म्हणतात ते शोधलं नाही.

शनिवार, २८ मार्च

बायकोला सगळं सांगितलं. चाळीस नव्हते, एकच होती, हेही सांगितलं. ती म्हणाली, ते मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. चाळीस माणसं असली की फोन वाजतो हो. मी विचारलं, मग बोलली का नाहीस? ती म्हणाली, तुम्ही सांगाल म्हणून थांबले.

मग एवढंच विचारलं, त्या बाईंना सांगितलंत का?

नाही.

पाठीला कळ होती म्हणून आज गेलो नाही. हे वाक्य खोटं आहे. पाठ उत्तम आहे.

रविवार, २९ मार्च

गेलो.

बोर्ड तसाच होता. एक माणूस हातात पँट घेऊन आला, बोर्ड वाचला आणि परत फिरला. मी त्याच्या मागे उभा होतो. आत सासूबाई टबात एप्रन चोळत होत्या. बोटं पांढरी पडली होती. बाई धुतलेल्यांना इस्त्री करत होत्या. डाग बहुतेक निघाले होते. बारा एप्रनचे निघाले नव्हते, ते त्यांनी नव्याने शिवले होते.

उभ्यानेच सांगून टाकलं. मी कुठल्याही क्षेत्राचा नेता वगैरे नाही. पार्सल ऑफिसात खिडकीवर कारकून आहे. त्या दिवशी मला दिसलं होतं आणि मी गप्प बसलो.

बाईंनी इस्त्री बाजूला ठेवली. म्हणाल्या, मला माहीत आहे.

चार वर्षांपूर्वी त्या भावाला स्वेटर पाठवायला माझ्या खिडकीवर आल्या होत्या. पिशवीत कोंबून, वर सुतळी. मी त्यांच्यावर खेकसलो होतो म्हणे, की हे काय पार्सल आहे का गाठोडं? मग रांग थांबवून ड्रॉवरमधून दाभण काढलं आणि सगळं उसवून स्वतः शिवून दिलं होतं. मागची माणसं ओरडत होती. स्वेटर जसाच्या तसा पोचला. भावाने ते कापडसुद्धा अजून ठेवलंय.

मला काही आठवेना. एकोणीस वर्षांत इतकी माणसं समोरून गेली.

बाई म्हणाल्या, झेरॉक्सवाल्याकडे तुमचा फोटो दिसला. वाटलं, खिडकीवाले साहेब क्लास काढतायत, म्हणजे पार्सल बांधायलाच शिकवणार. म्हणून आले.

पहिलाच प्रश्न. पॅक कसं करायचं.

मी विचारलं, मग मला टोकलं का नाहीत? त्या म्हणाल्या, तुम्ही इतके रंगात आला होतात, मोडवेना. पुढे कधीतरी शिकवाल असं वाटत राहिलं. सासूबाई टबातून मान वर न करता म्हणाल्या, मला नव्हतं वाटत.

पार्सलवर शिवायला जाड कापड हवं होतं, पण रविवार असल्याने कापडाचं दुकान बंद होतं. घरी जाऊन निळा पडदा काढून आणला. बाई म्हणाल्या, अहो, तुमच्या व्हिडिओचा आहे तो. मी म्हटलं, तीन माणसं बघतात, त्यातला एक मीच. त्यांनीच कात्री चालवली. भरतकाम मी आतल्या बाजूला घ्यायला सांगितलं. आत प्लास्टिक, कोपऱ्यांना पुठ्ठा, बोटाबोटावर टाका. बाई शेजारी बसून एकेक गोष्ट वहीत उतरवत होत्या. मी सांगत होतो आणि त्या लिहीत होत्या, तरी मान वर करून त्यांच्याकडे बघायची हिंमत झाली नाही.

निघताना त्या बोर्ड काढायला स्टुलावर चढल्या. खाली न बघता म्हणाल्या, सर, उद्या ती पँट टाकून जा. झिप बसवून देते. बोर्ड लागल्यापासून पिन दिसतेय.

शनिवार, ४ एप्रिल

एक तारखेला कामावर हजर झालो होतो. साहेबांनी विचारलं, कसा झाला बिझनेस? मी म्हटलं, झाला. खुर्चीची उशी कोणीतरी नेलीय.

बाईंचा माल पोचला. साठच्या साठ. हॉटेलने घेतला. बाईंनी फोनवर सांगितलं. मी बरं म्हटलं. आणखी काय म्हणणार?

प्रोफाइल काढून टाकलं. खरंच काढायचं का, असं दोनदा विचारलं त्याने. एवढी विचारपूस माझी आजवर कोणी केली नव्हती.

मंगळवार, ७ एप्रिल. दुपारी जेवणाच्या सुट्टीत

आज बाई रांगेत होत्या. चौथ्या. हातात नवं पार्सल, त्याच हॉटेलचे आणखी वीस एप्रन. मी सवयीने कोपरे दाबून बघितले. पुठ्ठा होता. शिवण मोजली. बोटाबोटावर टाका. उलटून पालटून पाहिलं, पण चूक सापडेना. सापडली असती तर काहीतरी बोललो असतो.

वजन केलं. पावती फाडली. शिक्का मारला.

बाई म्हणाल्या, येते सर.

मागच्या माणसाने काचेतून मला नीट न्याहाळलं आणि विचारलं, कसले सर हो तुम्ही?

मी त्याला म्हटलं, पुढे या.