फ्रेमला कानस

मंगळवार, ४ मार्च

मिळालं! नातीला काम मिळालं! बँकेच्या पहारेकऱ्याचं रिव्हॉल्वर. सिलिंडरला चीर गेलीय, नवा बसवायचाय. शेजारीण म्हणे, "त्याला गॅसवाला बोलाव की!" अगं बाई, गोळ्या भरतात ते गोल, गरगर फिरणारं! हसून हसून पोट दुखलं.

मुलगा मात्र हसला नाही. लेकीला म्हणाला, "बसवलास तर आजोबांचं टेबल तुझं. नाहीतर दुकान विकतो, घेणारा तयार आहे." हे गेल्यापासून बंदुका दुरुस्तीच्या त्या टेबलावर कुणी बसलेलंच नाही. मुलगा गल्ला सांभाळतो, दुरुस्त्या बाहेरून करून आणतो. हे म्हणायचे, त्याला गल्ल्यावरच आवडतं. असेल बापडा.

बुधवार

बसला! घोडा ओढला की टक्— गोळीचं पुढचं घर बरोबर नळीसमोर. मी टाळ्या पिटल्या. आनंदात चहात साखर दोनदा पडली.

गुरुवार

टाळ्या परत घेते. काल रिकामा फिरत होता ना! आज पोरीने दारू नसलेल्या गोळ्या भरल्या आणि जो अडकला! गोळ्यांची बुडं मागे फ्रेमला, म्हणजे सिलिंडर धरणाऱ्या सांगाड्याला, घासतात.

मुलगा पाठीशी उभा. "फ्रेमवर थोडी कानस मार. होईल मोकळा."

"नाही, बाबा."

"अगं, मी सांगतोय ना!"

"घासलेली फ्रेम परत भरून येत नाही. नवं काय आणलंय? सिलिंडर. मग खोट त्यातच शोधणार."

नाक आजोबांचं, हट्टही त्यांचाच! मी पदराआड हसून घेतलं.

शुक्रवार

अजून अडकतोच. पोर जेवायलाही उठेना. मी घास भरवायला गेले तर म्हणते, "आजी, बोलू नकोस, आवाज ऐकतेय." मी गप्प बसले. मी!

शनिवार

सापडलं!! घरांच्या कडेला धातूची बारीक कोर राहिली होती, नखाला लागेल न लागेल इतकी. गोळी पूर्ण आत जातच नव्हती. पोरीने कोर काढली, पुसलं, भरलं— फिरला!

आमच्याकडे पहिला बार हातात धरून काढत नाहीत. हत्यार शिकंज्यात आवळायचं, चापाला दोरी, माणसं भिंतीआड. दोरी कायम मीच ओढायची. ह्यांना आवाजाची भीती! जन्मभर बंदुका दुरुस्त केल्या आणि बार निघताना कानात बोटं! आज पोरीने आपणहून दोरी माझ्या हातात दिली. धाड! धाड! सगळी घरं रिकामी केली. कुठे काही हललं नाही.

रविवार

मुलाने टेबल स्वतः पुसून लेकीला दिलं. मग माझ्याजवळ येऊन बसला.

"फ्रेम घास म्हणालो ते मुद्दाम, आई. बाबांनी मलाही असंच सांगून बघितलं होतं."

"मग?"

"मी घासली."