तेरड्याची गौर आणि माझी नोकरी

मुक्काम ठाणे, भाद्रपद वद्य द्वितीया

तीर्थस्वरूप नाथामामांचे चरणी भाचा मोरू याचे दंडवत. आम्ही सर्व खुशाल असून गौरीच्या जेवणाने अंमळ जडही झालो आहोत. आपल्या गुडघेदुखीचे मान कसे आहे ते कळवावे. (मागे पाठवलेल्या पाल्याने सूज वाढली असे आपण लिहिलेत. मामा, तो पाला गुडघ्यावर बांधायचा नव्हता. साहेबांच्या संग्रहासाठी टिपकागदात दाबून ठेवलेला तो नमुना होता आणि चुकून आपल्या पुडक्यात आला. उरला असल्यास परत पाठवावा.)

मिठागराची मुकादमी मोकळी आहे आणि दसऱ्यापर्यंत माझी ही पाला तोडण्याची चाकरी कायम झाली नाही तर मी मुकाट्याने कल्याणास यावे, हे आपले म्हणणे मी विसरलेलो नाही. परंतु वनस्पतिशास्त्र म्हणजे नुसता पाला तोडणे नव्हे. आमचे साहेब फुलाच्या एकेका पाकळीचे चित्र काढतात, भिंगातून केसर मोजतात आणि आजवर कोणी न नोंदलेले झाड सापडले तर त्याची हकिकत विलायतेस पाठवतात. असे झाड श्रावणात मला सापडले. येऊरच्या डोंगरावर एका ओल्या कातळाच्या खाचेत पिवळा तेरडा उभा होता, पाकळीवर तांबडे ठिपके. मी तो मुळासकट आणून अंगणात कुंडीत लावला. साहेब तेव्हा शहापुराकडे फिरतीवर होते. त्यांचा निरोप आला की मी येईपर्यंत झाड जगव. फूल आणि बी दोन्ही हाती लागली आणि जात खरोखर नवी निघाली तर तुला कायम करण्याची शिफारस पुण्याच्या कचेरीस करतो. तेव्हापासून मी त्या तेरड्याची जितकी काळजी घेतली तितकी स्वतःचीही कधी घेतली नाही. (भागीरथी म्हणते, तिचीही घेतली नाही. बायकोच्या म्हणण्याकडे कितीसे लक्ष द्यावे.)

आपल्याकडे गौर बसत नाही म्हणून मामी दरसाल इकडे येतात, तशा यंदाही आल्या. आता गौर आणायची म्हणजे बायकांनी डोंगराच्या उतारावर जाऊन तेरडा उपटून आणायचा, हा आपला रिवाज. मी त्या दिवशी टिपकागद आणायला बाजारात गेलेलो. परत येऊन पाहतो तो कुंडी रिकामी, आणि आत पाटावर माझा तेरडा हिरवे लुगडे नेसून, मुखवटा लावून, नाकात भागीरथीची नथ घालून बसलेला. मामी शांतपणे म्हणाल्या, "देवीनं आपले पायांनी दारान येवून उभं रावाचं, न आमी डोंगरावर कशाला जावाचं रं?" विसर्जनापर्यंत गौरीला हात लावायचा नाही, हे मीही लहानपणापासून ऐकत आलो आहे.

दुसऱ्याच दिवशी साहेब आले. माणूस भला. टोपी काढून ओटीवर उभे राहिले आणि उंबऱ्याबाहेरून भिंग धरून पाहू लागले. इतक्या लांबून त्यांना नथीचे मोती तेवढे दिसले. मग हळूच मला म्हणाले की लुगड्याच्या निऱ्या जरा बाजूला केल्या तर देठ पाहता येईल. मी त्यांना विनवले की साहेब, हे बोलणे मामींच्या कानी गेले तर देठ राहील बाजूला आणि आपल्याला जेवण मिळणार नाही. तेवढ्यात मामींनी गौरीच्या नैवेद्याचे चिंबोऱ्यांचे तिखट कालवण वाढले. साहेबांनी खेकड्यांच्या नांग्या फोडत, डोळ्यांतून पाणी काढत ते दोनदा मागून खाल्ले. तिसऱ्या दिवशी गौर वाजतगाजत खाडीत गेली. फूल गेले, बी गेले, आणि पाण्याकडे बघताना मला पलीकडे सारखी मिठागरेच दिसू लागली. खरे सांगतो मामा, रडू आले.

पण घरी आलो तर भागीरथी केरसुणी हातात धरून, न झाडता उभी. जमिनीवर बारीक काळे बी पसरलेले. तेरड्याचे पिकले बोंड हात लागताच फुटून बी उडवते, हे आपणही लहानपणी खेळला असाल. आणि गौर आल्यावर तिला साऱ्या घरातून फिरवून दाखवायचे असते. मामींनी तिला चूल दाखवली, तांदळाची कणगी दाखवली, गोठा दाखवला आणि जिथे जिथे ती गेली तिथे तिथे बोंडे फुटली. आम्ही दोघांनी ओणवे होऊन मूठभर बी वेचले. साहेब म्हणाले, उत्तम. पुढल्या पावसात पेरू, फूल येईल तेव्हा शिफारस करू. एवढे होऊनही मामींवर राग धरवत नाही, कारण देवीला एवढे देखणे रूप त्यांनीच दिले.

आपला आज्ञाधारक,
मोरू

ता. क. पत्र लिहिण्याचे खरे कारण राहिलेच. फूल पुढल्या भाद्रपदात येणार, म्हणून दसऱ्याची मुदत पुढल्या गौरीपर्यंत वाढवावी, ही हात जोडून विनंती.

दुसरा ता. क. पत्र मामींना वाचून दाखवले. त्या म्हणतात, "या पिवल्या तेरड्याचं कवरं कवतिक. कल्याणला आमचे गोठ्यामांगं रान माजलंय, म्हशीला तोच घालतंव." फूल आताच तिथे मिळत असेल तर मुदत वाढवू नये. रविवारी साहेबांना घेऊन येतो; तोवर म्हैस कृपा करून दुसरीकडे बांधावी.

तिसरा ता. क. म्हशीने संपवला असल्यास पहिला ता. क. धरून चालावे.