माझ्या बर्चचा चोर

६ मे

लिही, एल्वीरा. पुन्हा गेले! काल संध्याकाळी माझ्या झुकत्या बर्चच्या खोडावर तीन फुटवे होते — बोटभर, ताठ. आज एकही नाही. कापल्या जागेतून पाणी झिरपतंय.

अठ्ठ्याहत्तर वर्षांची झाले. अर्धी वर्षं घोडागाडीत गेली, बाकीची लोकांच्या खोल्यांत. आता मिक्केली गावच्या पालिकेनं घर दिलं, घरापुढं दहा पावलं माती दिली. तीत हे एकच झाड. बुटक्या जातीचं, माझ्या खांद्याला लागतं. फांद्या सगळ्या खाली मान घालून. ते तीन फुटवे तेवढे वर बघत होते. माझ्यावर गेलेले!

संशय शेजारच्या टेलर्वोवर.

११ मे

टेलर्वो कुंपणावरून विचारते, "कसं आहे हो झाड?" हिला कशाला पंचाईत? जन्मभर या फिनिश बायांनी आम्हा काले जमातीच्या भटक्यांवर नजर ठेवली. दुकानात पाऊल टाकलं की मागे मागे! आता माझी पाळी. खिडकीत खुर्ची मांडली आहे.

एल्वीरा म्हणते, "आजी, राहू द्या ना." नातीनं सांगितलेलं लिहावं, मत देऊ नये. हेही लिही.

१९ मे

काही नाही. मान आखडली.

२ जून

दोन नवे आले, दोन्ही गेले. कशासाठी ते कळलं! जूनचा सण आला की ही माणसं सौनाच्या गरम वाफेत बसून बर्चच्या डहाळ्यांची जुडी अंगावर झोडून घेतात. बाई माझं झाड पाठीवर मारून घेतेय!

"बोटभर डहाळ्यांची कसली जुडी, आजी?"

"बारीक बाईची बारीक जुडी."

९ जून

आता खुर्ची झाडापाशीच. त्यामुळे एक फुटवा वाचला, चांगला हातभर झाला. सरळसोट! पण वरच्या झुकत्या फांद्या पिवळ्या पडताहेत. पानं गळताहेत. विष घातलं की काय बाईनं?

एल्वीरा त्या फुटव्याकडे बघत बसते. लिहायचं सोडून.

१५ जून

काल झाडाभोवती राय धान्याचं पीठ पसरून चर्चला गेले. परत आले तर फुटवा गायब.

आणि पिठात एकही पाऊल नाही! नुसता फराटा — केरसुणी फिरवल्यासारखा. टेलर्वो पँट घालते. तिचे बूट उमटले असते. जमीन झाडत जाणारा घेर आमच्याच बायकांचा. मखमली, काळा. या घरात तसे घागरे दोन. एक माझा.

लिही, एल्वीरा. हात का थांबला?

टेलर्वो चोर निघाली असती तर बरं झालं असतं. मला अक्षर येत नाही. तू आजवर काय लिहिलंस — मी सांगितलं ते, की भलतंच? घरातल्या माणसावर नजर कुठल्या खिडकीतून ठेवायची?

१८ जून

तीन दिवस एल्वीरा नाही. वही घेऊन टेलर्वोकडे गेले. वाचून दाखवायला दुसरं आहे कोण? आजचं हे तीच लिहितेय.

तिनं पहिल्यापासून वाचलं, तिच्या स्वतःच्या चोरीसकट. 'बारीक बाई'ला थांबली. म्हटलं, आता वही फेकते. तर हसायलाच लागली! "तुमच्या नातीनं एक शब्द गाळलेला नाही हो," म्हणाली. "मी तरी गाळला असता."

मग म्हणाली, "पानामागे बारीक अक्षरात आणखी आहे. ते तुमचं दिसत नाही. वाचू?"

म्हटलं, आज नको. तिनं कॉफी दिली. प्यायले.

१९ जून

टेलर्वोनं वाचलं. एल्वीराचं आहे —

"झाड कलमी आहे. झाडाबरोबर आलेल्या चिठ्ठीत लिहिलंय, गाठीखालचे फुटवे काढा, नाहीतर तेच सगळं ओढून घेतात आणि वरचं झुकतं झाड मरतं. आजींचा जीव नेमका त्या फुटव्यांवर. म्हणून गुपचूप कापते. थोरांना तोंडावर 'नाही' कसं म्हणू?"

चापट मारून ही रीत तिला मीच शिकवली.